कानाचा फोटो

बाकी सगळं झालंय मॅडम, फक्त डाव्या कानाचा फोटो तेवढा राहिलाय, असं विमा कंपनीतली ती मुलगी फोनवर म्हणाली, आणि मी उठून स्वयंपाकघरात गेले, गॅस बंद करायला. गॅस पेटलेलाच नव्हता. मग मी तो पेटवला आणि बंद केला, म्हणजे उठून आल्याचं काहीतरी सार्थक. मुलीचं नाव गंधाली. बोलणं गोड, घाई अजिबात नाही, आणि तीन दिवसांत तिनं तिसऱ्यांदा मला हेच सांगितलं होतं. कुत्र्याला चिप बसवलेली नाही, म्हणून ओळख पटवायला चेहरा, नाक आणि दोन्ही कान असे फोटो लागतात. त्यातून आमच्या ह्याचा डावा कान भांडणात टोकाला फाटलेला, म्हणजे तर फारच छान, पक्की खूण. 'फारच छान' हे तिचेच शब्द. डॉक्टरांच्या दाखल्याची मुदत आज संध्याकाळी संपते. नवा काढायला गेलं तर डॉक्टर ह्याला पाच वर्षांच्या पुढचा लिहितील, आणि पाचच्या पुढच्या कुत्र्याला ही कंपनी विम्यात नव्यानं घेत नाही. पाठवते म्हणाले. कुत्रा समोर पायरीवर आडवा पडलेला, मोबाइल हातात, ऊन चांगलं. ह्याच्यात अवघड काय आहे, सांगा. पण मोबाइल त्याच्या कानाजवळ नेला की मी दुसरंच काम काढते. काल तर मी माळ्यावरची पितळेची भांडी उतरवून घासली. जगन्नाथ म्हणाले, सण आहे का काही? जगन्नाथ माझे यजमान, परतूरला बँकेत आहेत, रोज रेल्वेनं जाऊन येऊन करतात, घरी येतात तेव्हा त्यांना फक्त भांडी चमकलेली दिसतात.

ह्या कुत्र्याला दोन नावं आहेत. लॉकडाऊनमध्ये माझ्या मुलानं, पार्थनं, त्याला माझ्या माहेराहून, केदारखेड्याहून, पिशवीत घालून जालन्याला आणला आणि ब्रूनो असं नाव ठेवलं. माझी आई नंदाबाई त्याच खेपेला आमच्याकडं कायमची राहायला आली. तिला आम्ही माय म्हणतो. मायनं ते ब्रूनो एकदा तोंडात घोळवून पाहिलं आणि टाकून दिलं. ती त्याला कडूबा म्हणायला लागली. आमच्या भागात ज्या घरी पोरं टिकत नाहीत तिथं पुढच्या पोराला असंच कडू, दगडी, उकिरड्यावरचं नाव ठेवायची रीत होती. मरण दारात आलं तरी नाव ऐकून तोंड वाकडं करील आणि पुढच्या आळीला जाईल, असा हिशेब. माझंही घरातलं नाव तसलंच आहे, ते मी इथं सांगणार नाही. उमा हे शाळेतलं. तर ह्या पिल्लाची बाकीची भावंडं एकामागून एक गेलेली, म्हणून हा कडूबा. पार्थ आता बंगळूरला असतो. तिथून व्हिडिओवर ब्रूनो ब्रूनो करून घसा कोरडा करतो आणि हा नुसती कूस बदलतो, पण आतून माय हळूच 'कडू' म्हणाली की शेपटी आपटत निघाला. चांगलं नाव ठेवायचं नाही, वय सांगायचं नाही, अंगानं भरलाय असं म्हणायचं नाही, हा मायचा विमा. त्याला हप्ता नाही आणि फोटोही लागत नाही. गंधालीनं वय विचारलं तेव्हा मी मायला विचारलं, तर म्हणाली, जिवाचं वय सांगू न्हाई, घटतं. शेवटी डॉक्टरांनी दात बघून लिहिलं. जात विचारली तेव्हा मी म्हटलं गावठी. गंधाली म्हणाली, इंडी लिहू का मॅडम? म्हटलं लिही बाई, तुला बरं वाटेल ते लिही. पेट पेरेंट म्हणून तुमचंच नाव टाकते, म्हणाली. म्हणजे मी कुत्र्याची पालक. पार्थच्या पालकसभा संपल्या म्हणून मी एकदाची सुटले असं मला वाटत होतं.

हसण्यावारी नेतेय, पण विमा मला हवा होता. पार्थनं धोशा लावला हे खरं, तरी तो नसता लावला तरी मी काढला असता. गेल्या पावसाळ्यात कडूनं कुणीतरी टाकलेलं मक्याचं कणीस सालीसकट गिळलं. दोन दिवस पाण्याचा थेंब पोटात ठरेना. पोट ढोलकं झालं, आणि इथल्या डॉक्टरांनी हात लावून सांगितलं की हे इथं व्हायचं नाही, संभाजीनगरला न्या, जल्दी न्या. जगन्नाथांनी गाडी काढली. बदनापूर येईपर्यंत ते एकच वाक्य बोलत होते, गावठी कुत्र्याला एवढा खर्चा करतं का कोणी. बदनापूरच्या पुढं गाडी उभी केली, मला म्हणाले तू चालव, आणि स्वतः मागं जाऊन त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले. दवाखाना मोठा, स्वच्छ, थंड. कडूला आत नेलं आणि खिडकीतल्या माणसानं अगदी सभ्यपणे विचारलं, मॅडम, कुठपर्यंत जायचं? मला कळेना. मग त्यानं समजावून सांगितलं, पोट उघडल्यावर काय निघेल सांगता येत नाही, आकडा वाढू शकतो, तर कुठपर्यंत जायचं आणि कुठं थांबायचं हे आधी सांगून ठेवा. त्याचं काही चुकलं नाही, त्याला रोज विचारावं लागत असेल. पण मला नाही म्हणवत नव्हतं, आणि जिवाला आकडा लावून हो म्हणणंही जमेना. आतून कडूचा आवाज येत होता. शेवटी जगन्नाथ मागून म्हणाले, करा हो तुम्ही, बघू पुढचं पुढं. कणीस निघालं, कुत्रा वाचला. डॉक्टर म्हणाले, ही सवय जात नसते, परत काहीतरी गिळणार हा. तर मला त्या खिडकीपाशी पुन्हा उभं राहायचं नव्हतं. एवढंच माझं म्हणणं. तिथं मला विचारायची वेळ कुणावर येऊ नये, उत्तर आधीच कुठंतरी दिलेलं असावं.

गंधालीनं तीन प्रकार सांगितले. पहिल्यात फक्त अपघात, गाडीखाली आला किंवा कुणी दगड मारला तर. दुसऱ्यात अपघात, आजार, ऑपरेशन सगळं, फक्त पोटाचं जुनं दुखणं पहिलं वर्षभर धरणार नाहीत. तिसऱ्यात हे सगळं आणि वर, कुत्रा गेला तर ठरलेली रक्कम हातात. दुसऱ्या-तिसऱ्यात फरक अगदी थोडा, हे तिनं दोनदा सांगितलं. पार्थ म्हणाला, आई, तिसराच घे, विचार काय करायचा त्यात. जगन्नाथ म्हणाले, काढतोच आहोत तर पुरा काढा. मीही हो म्हणून बसले होते. मग बोलता बोलता ती म्हणाली, देव न करो मॅडम, पण तसं काही झालं तर तुम्हाला परत एकदा त्याच कानाचा फोटो पाठवावा लागेल, ह्या फोटोशी जुळवून बघायला. तेव्हापासून माझा हात अडकला होता.

मी एका बियाणे कंपनीत उगवण तपासायच्या खोलीत आहे. ओल्या कागदावर बी मांडायचं, कागदाची सुरळी करून उबेच्या कपाटात ठेवायची, आठवड्यानं उघडून कोंब पाहायचे. एवढ्या वर्षांत बोटांना सवय झालीय, कपाशीचं बी कोणतं फुगलंय आणि कोणतं नुसतंच ओलं झालंय हे डोळे मिटून कळतं. आम्ही पिशवीवर छापतो की शंभरात इतकी उगवतील. हेच बी उगवेल का, असं शेतकऱ्यानं चिमटीत धरून विचारलं तर आमच्याकडं उत्तर नाही. विमाही मला तसाच वाटतो, त्यात वाईट काही नाही. शंभर कुत्र्यांत कितींचं पोट फुगेल हे त्यांना ठाऊक आहे, कडूचं फुगेल का हे ठाऊक नाही. दुपारच्या डब्याला मी मैत्रिणींना हे सांगितलं तर एक म्हणाली, उमाताई, तुम्ही कुत्र्याचा विमा काढताय, माझ्या नवऱ्याचाही निघायचाय अजून. खूप हसलो. हसताना मी टेबलाखाली डाव्या हातानं माझाच कान धरून बसले होते, हे हात सुटल्यावर ध्यानात आलं.

आमच्या घरात विमा पहिल्यांदा आला तो चांद्याच्या कानातून. मी तेव्हा सातवीत. माझे वडील रामकिसन, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, त्यांनी बँकेतून बैल घेतला, तांबडा, कपाळावर पांढरी कोर. बँकेचा बैल म्हटलं की विमा आपोआप. एक साहेब मोटारसायकलवर आला, बरोबर कागदाला भोक पाडतात तसला पण दांडगा चिमटा, आणि चांद्याच्या कानात पिवळा बिल्ला बसला. रक्ताचा एक थेंब आला, दादांनी त्यावर हळद दाबली. साहेब म्हणाला, बैल सांभाळा न सांभाळा, बिल्ला सांभाळा, बिल्ला म्हणजेच बैल. आम्हा पोरांना त्याची फार मजा वाटली. शाळेत मी सांगून टाकलं की आमच्या बैलाच्या कानात दागिना आहे. डावा होता की उजवा, ते आता आठवत नाही. आठवायचा खूप प्रयत्न करते, आणि दर वेळी कान दिसतो, बैल दिसत नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी बैलाचे खांदे मळतात, तूप-हळद लावून. वर्षभर जू वाहून खांदा दुखलेला असतो, त्याची ती माफी. मग त्याच्या कानात हळूच जेवायचं आमंत्रण द्यायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. घरोघर हे पुरुषच करतात. आमच्याकडं मात्र आवतन माय द्यायची. बैल दादांचं ऐकतात, माझं मानतात, असं ती म्हणायची आणि दादा मिशीत हसायचे. त्या वर्षी नेमकं त्याच दिवशी दुपारी चांद्या गेला. दावं तोडून ओल्या हिरव्यात शिरला होता, पोट फुगलं आणि गुरांचा डॉक्टर भोकरदनहून येईपर्यंत पाय ताणून मोकळा झाला. डॉक्टरांनी कागद केले आणि जाताना सांगितलं की क्लेमला नुसता बिल्ला चालत नाही, जित्या बैलाचा काढून आणला असं कंपनीवाले म्हणतात, बिल्ला कानासकट लागतो. आम्हा पोरांना घरात कोंडलं. खिडकीच्या फटीतून विहीर दिसायची. दिवेलागणीला दादा विहिरीपाशी उकिडवे बसून विळा धूत होते. विळा धुवायला कितीसा वेळ लागतो? ते धूतच राहिले. मी खिडकीपासून बाजूला झाले तरी पाण्याचा आवाज येत होता. सकाळी चांद्याला बांधालगत पुरला, तेव्हा मी माणसांच्या पायांतून पाहिलं, त्याच्या डोक्याला एका बाजूला कान नव्हता. नंतर दादांनी ओल्या फडक्यातलं गाठोडं सायकलच्या दांडीला बांधलं आणि भोकरदनला गेले.

क्लेम बराबर आला. त्यात बैल आला नाही, बैल मामानं दिला. त्यात माझं जालन्याचं वसतिगृह आलं. म्हणजे आठवीपासूनची पुस्तकं, कंपासपेटी, पुढं कॉलेज, नोकरी, जगन्नाथ, पार्थ, हे नव्या जालन्यातलं घर आणि ह्या घराच्या पायरीवरचा कडूबा, धागा ओढत गेलं तर सगळं त्या फडक्यातल्या गाठोड्यापाशी जातं. हे मी कुणाला बोलले नाही. बोलायसारखं काय आहे? शेतकऱ्याच्या घरचं मेलेलं जनावर, त्याचा कान, सरकारी रीत. दादांना दुसरा इलाज नव्हता हे मला चांगलं समजत होतं, तेव्हाही समजत होतं. पण समजून काय होतं. दादांची एक सवय होती, शेतातून आले की दोन बोटांत माझा कान धरायचे, ओढायचे नाहीत, नुसता धरायचे आणि विचारायचे, काय म्हणती बाई शाळा? त्या पोळ्यानंतर त्यांनी हात पुढं केला आणि मी मान मागं घेतली. मुद्दाम नाही, मान आपोआप गेली. त्यांचा हात माझ्या कानाच्या वीतभर अलीकडं थांबला, मग टोपी नीट करायला डोक्यावर गेला. टोपी नीटच होती. आठवडी बाजारातून ते पुड्यात शेव आणायचे, ती त्यांच्या हातून घेणं मी सोडलं, मायनं ताटात वाढली तर खायची. दादा काही बोलले नाहीत. ते तसे कमीच बोलायचे, पण ह्यावर एकदाही बोलले नाहीत, चिडले नाहीत, समजावलं नाही. पुढं मी मोठी झाले, राग असा काही राहिला नाही, सणावाराला गेले की पाया पडायची. तरी तो हात वीतभर अलीकडं थांबायचा तो थांबलाच. शेवटच्या आजारात इथंच दवाखान्यात होते. मी चमच्यानं पाणी पाजत होते, आणि त्यांचा हात उठला, माझ्या कानापर्यंत आला, आणि थांबला. मी त्या वेळी मान मागं घेतली नव्हती हो. पण त्यांना आता सवय झाली होती.

आज मी रजा टाकून घरीच होते. चार वाजायला आले तेव्हा मी ठरवलं की आता पुरे. मोबाइल घेतला आणि पायरीवर गेले. माय तिथंच उन्हाकडं पाठ करून बसली होती, कडू तिच्या पायाला टेकून. नळाला आज पाणी यायचं होतं म्हणून गल्लीत सगळ्यांच्या नळ्या रस्त्यावर पसरलेल्या. मी कडूच्या शेजारी बसले, मोबाइल त्याच्या डाव्या कानाजवळ नेला, त्यानं कान फडफडवला, फोटोत नुसता केसांचा धूर आला. दुसऱ्यांदा माझाच हात हलला. तिसऱ्यांदा मी मोबाइल मांडीवर उपडा ठेवला आणि समोरच्या घराच्या टाकीकडं बघत बसले.

"काय करून राह्यली गं तीन दिवसांपासून कुत्र्याच्या मागं मागं?" मायनं विचारलं.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. विमा म्हटल्यावर ती उठून आत जाईल, निदान तोंड फिरवील, अशी माझी तयारी होती. विमा काढला आणि चांद्या वर्षाच्या आत गेला, असं तिनं गावात दहा जणांपाशी बोललेलं मी ऐकलंय. मी सगळं सांगितलं, संभाजीनगरची खिडकी, तीन प्रकार, डॉक्टरांचा दाखला, संध्याकाळची मुदत. तिनं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं की ह्याच्या कानाला बिल्ला मारणार का. म्हटलं न्हाई माय, नुसता फोटो. मंग अडलं कुठं, म्हणाली. मी मोबाइल उलटासुलटा करत राहिले. ती माझ्या हाताकडं बघत होती. मग तिनं पुढं सरकून कडूचा कान दोन बोटांत धरला, फाटकं टोक वर करून, आणि कडू जो एवढा फडफडत होता तो डोळे मिटून गप पडला.

"काढ," माय म्हणाली. "तव्हाबी मीच धरला होता."

मला वाटलं, बिल्ला मारताना धरला होता असं म्हणतेय. मी तसं म्हटलं.

"बिल्ला मारताना तुहे दादा होते. मी कापतानाचं म्हणते. त्यांच्यानं झालं न्हाई. विळा घेऊन गेल्ते, अन् चांद्याच्या पाठीला पाठ लावून बसून राह्यले. दिवस बुडाया लागला. मंग मी कापला. त्यान्नी विळा धुतला."

तिचा आवाज नेहमीचाच होता, शेंगा फोडताना गावच्या गोष्टी सांगते तसा. मी विचारलं की आवतनाचं काय केलं, आणि हे मी का विचारलं मला ठाऊक नाही, विचारायसारख्या बाकी किती गोष्टी होत्या. माय म्हणाली, दिलं की. वेळ झाल्तीच. आधी खांदे मळले, मंग त्या कानात आवतन दिलं, अन् मंग कापला. तसाच कसा कापणार?  गल्लीत पाणी आलं, नळ्या फुगल्या, कुणीतरी मोटर लावली. मला पाण्याचा आवाज ऐकू येत होता, आणि विहिरीपाशी उकिडवे बसलेले दादा दिसत होते. त्यांच्या हातातला विळा मी इतकी वर्षं पाहत आले होते. त्यांचा चेहरा मी त्या दिवशी पाहिलाच नव्हता, नुसती पाठ पाहिली होती.

"मंग मला सांगितलं का न्हाई?" मी विचारलं.

माय कडूच्या कानावरून अंगठा फिरवत राहिली.

"मी सांगणार होते. तू त्यांच्या हातची शेव घेईनाशी झाली, तव्हाच सांगणार होते. ते म्हणले, बिलकुल सांगायचं न्हाई. पोरगी माह्यापासून सरकली तर सरकू दे. तुह्या हातची भाकर सोडली तर काय खाईल ती?"

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मी ते पुसलं नाही, हातात मोबाइल होता. मला दादांची फार आठवण आली, इतकी की तिथं पायरीवर बसल्या बसल्या कान गरम झाला, कुणी बोटांत धरल्यावर होतो तसा. एक शब्द बोलले असते तर तो हात परत माझा झाला असता, आणि ते बोलले नाहीत. वीतभर अलीकडं हात थांबवायचा, टोपी नीट करायची आणि वसतिगृहाच्या दारात सायकलवरून माझा डबा पोचवायचा. डबा मायच्या हातचा आहे, हे ते दर वेळी सांगायचे. मला वाटायचं, म्हाताऱ्याला दुसरं बोलायला सुचत नाही. मी भरल्या डोळ्यांनीच मोबाइल धरला. माय खाली वाकली आणि तो फाटका कान ओठांजवळ नेऊन काहीतरी पुटपुटली. पोळ्याला अजून कितीतरी महिने होते आणि हा काही बैल नव्हे, पण मला शब्द ऐकू आले, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. मी फोटो काढला. हात हलला नाही.

पाठवल्यावर पाच मिनिटांत गंधालीचा फोन आला. मॅडम, फोटोत बोटं आलीत, पण खूण एकदम स्पष्ट दिसतेय, चालेल आम्हाला. हात कुणाचा आहे, असंही तिनं सहज विचारलं. माझ्या आईचा, म्हणाले. मग तिनं शेवटचं विचारलं, तिसरा प्रकार पक्का ना? मी मायकडं पाहिलं, ती कडूच्या पोटावरची टाक्यांची जागा खाजवून देत होती. न्हाई, मी म्हणाले, दुसरा कर. नोकरीला लागल्यापासून फोनवर मी 'नाही' म्हणते, हे 'न्हाई' कुठून आलं कोण जाणे. गंधाली म्हणाली, मॅडम, फरक अगदीच थोडा आहे. म्हटलं, असू दे बाई. जितेपणी जे लागेल ते सगळं घाल, ऑपरेशन घाल, दवाखान्यात ठेवायचं घाल. मेल्यावरचं मला काही नको. पार्थ कुरकुरणार हे मला ठाऊक होतं, जगन्नाथ म्हणणार की अर्धवट काम केलंस. पण दुसऱ्या प्रकारात खिडकीतल्या माणसाला उत्तर मिळालेलं होतं, आणि हा कान परत कुणी मागणार नव्हतं. तिनं पैसे भरायची लिंक पाठवली. मी लगेच भरले आणि ब्रूनो नावाच्या इंडी कुत्र्याचा विमा निघाला. कडूबाला त्याचं काही नव्हतं, तो नळीतून गळणारं पाणी चाटायला गेला होता.

संध्याकाळी जगन्नाथांची रेल्वे यायला अवकाश होता. माय भाकरी करायला बसली. ऐंशीच्या घरात आलीय, तरी दोन भाकरी ती स्वतः थापते, बाकीच्या मी. पहिली तव्यावरून उतरली की तिची कोर मोडून, फुंकून ती कडूला घालते, हा रोजचा शिरस्ता. आजही घातली. त्यानं ती हवेतच झेलली. मग तिनं दुसरा तुकडा मोडला, तूप लावलं, आणि मी ओट्यापाशी उभी होते, माझ्याकडं धरायला हात पुढं केला. हेही रोजचंच. पण हात अर्ध्यातच थांबला. तुकडा बोटांत, हात माझ्या तोंडाच्या वीतभर अलीकडं, आणि माय माझ्याकडं न बघता तव्याकडं बघत होती. इतकी वर्षं दादा ज्याला भ्याले होते ते आता ह्या स्वयंपाकघरात आलं होतं, आणि मी काय करते ह्याची ती वाट बघत होती. तव्यावरची भाकर करपायला लागली. मी पुढं झाले, खाली वाकले आणि तिच्या बोटांतूनच तो घास तोंडात घेतला. गरम होता, जीभ पोळली. मी चावून गिळला आणि आणखी मागितला.